दंड नव्हे, परीक्षा कडक हवी

नाशिकहून सुट्टीत युरोपला येणारे वाढले, तसे मला येणाऱ्या फोनचे विषयही बदलले. पूर्वी लोक विचारायचे, शाकाहारी जेवण कुठे मिळेल, थंडी किती असेल. आता पहिला प्रश्न असतो, "तिकडे आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते ना?" टूरच्या बसमधून दहा दिवसांत सहा देश बघण्यापेक्षा माणसं स्वतः गाडी घेऊन, हवं तिथे थांबत फिरू बघताहेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

यंदा हा प्रश्न माझ्या आतेभावाने विचारला. सातपूरला त्याचं वर्कशॉप आहे आणि कसारा घाट त्याच्या पायाखालचा. बेत असा की म्युनिकला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, ऑस्ट्रियातून इटलीत जायचं आणि स्वित्झर्लंडमार्गे पुन्हा जर्मनीत, माझ्याकडे श्टुटगार्टला यायचं. सोबत वहिनी, दोन मुलं आणि आत्या. कागदपत्रांचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, एक मात्र मला पटत नाही. मी पाहुणा म्हणून आलो तर माझं लायसन्स चालतं आणि तू तिथे राहायला गेलीस तर तुझं चालेनासं झालं. कॉलेजपासून गाडी चालवणाऱ्या बाईला पुन्हा परीक्षेला बसवायचं, हा आपला अपमान नाही का?"

मला तो अपमान वाटत नाही. का वाटत नाही हे नीट सांगायचं तर नाशिकमधल्या एका वादापर्यंत जावं लागेल. पण आधी कागदांचं सांगते, कारण घोळ तिथेच सुरू होतो.

भारतीय लायसन्सवर पर्यटकाला जर्मनीत गाडी चालवता येते. मात्र त्यासोबत अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, हवा. ऑस्ट्रिया आणि इटलीतही तो जवळ असलेला बरा, नाहीतर गाडी भाड्याने देणारेच काउंटरवरून परत पाठवतात. हा परवाना आपल्याकडे आरटीओ देतं. नाशिककरांसाठी पेठ रोडचं कार्यालय. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, नमुना ४-अ भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडायच्या, १,००० रुपये फी भरायची. मुदत एक वर्षाची. मूळ लायसन्स त्याआधीच संपत असेल तर तेवढीच. इंटरनेटवर शंभर-दोनशे डॉलरला "इंटरनॅशनल लायसन्स" विकणाऱ्या वेबसाइट आहेत, त्यांच्या नादी लागू नये. आंतरराष्ट्रीय करारातला परवाना फक्त तुमच्या देशाने नेमलेलं कार्यालयच देऊ शकतं.

दुसरी गोष्ट, मूळ प्लास्टिकचं कार्ड बरोबर हवंच. आयडीपी हा त्या कार्डाचा जोडीदार आहे, एकट्याने त्याला किंमत नाही. मुंबई नाक्यावर पोलिसाला डिजिलॉकर दाखवायची आपल्याला सवय झालीय आणि आपल्याकडे ते कायद्याने चालतंही. म्युनिकच्या काउंटरवर चालत नाही.

तिसरी गोष्ट थायलंडला जाणाऱ्यांसाठी, कारण नाशिकहून तिकडेही आता पुष्कळ जण जातात. कारचं लायसन्स आहे म्हणून तिथे स्कूटर घेऊ नका. परवान्यावर मोटरसायकलचा प्रकार वेगळा नोंदलेला असतो. तो नसेल आणि अपघात झाला तर प्रवासी विमा बहुधा हात वर करतो, आणि हॉस्पिटलचं बिल घरच्यांच्या गळ्यात पडतं.

आता अपमानाकडे येऊ. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे आणि आपला आयडीपी त्या कराराचा. जर्मनी त्या करारात नाही, १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे. जपान १९४९ चाच परवाना मानतो. त्यामुळे माझ्या ऑफिसातला जर्मन सहकारी जपानला गेला तर त्याचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे कुचकामी. त्याला लायसन्सचं जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं. माझ्या आतेभावाचा पेठ रोडवरून काढलेला परवाना मात्र टोकियोत चालतो. उलट व्हिएतनाम १९६८ चाच परवाना मानतो, म्हणून तिथे डोंगरात भाड्याची मोटरसायकल घेऊन फिरणाऱ्या आपल्या पोरांचा आयडीपी कामाचा नाही. चीन तर कुणाचाच आयडीपी मानत नाही. यात कुणाची प्रतिष्ठा वाढत नाही की कमी होत नाही. कोणी कोणाशी कोणता करार केलाय, एवढाच हा हिशेब आहे.

पाहुण्याला सवलत असते ती थोड्या दिवसांची. राहायला आलेल्याला जर्मनी सहा महिने जुन्या लायसन्सवर गाडी चालवू देते, मग स्वतःचं लायसन्स मागते. काही देशांची लायसन्सं परीक्षेशिवाय बदलून मिळतात. त्या यादीत जपान आहे, दक्षिण कोरिया आहे, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाही आहेत. भारत नाही. म्हणजे "गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी केलेली यादी" हे आपलं आवडतं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. त्या देशात लायसन्स देताना काय तपासलं जातं यावर इथल्या सरकारचा विश्वास आहे की नाही, हा प्रश्न आहे. आणि मनावर हात ठेवून सांगा, आपल्याकडे लायसन्स कसं मिळतं हे माहीत असलेला कुठला माणूस तो विश्वास ठेवेल? लर्निंगच्या परीक्षेत पंधरापैकी नऊ उत्तरं बरोबर आली की झालं. आधार कार्ड असेल तर ती परीक्षा घरबसल्या देता येते आणि शेजारी कोण बसून उत्तरं सांगतंय हे दिसत नाही. पक्क्या लायसन्ससाठी आकडा आठ काढायचा किंवा गाडी मागेपुढे घेऊन दाखवायची. गर्दीच्या चौकात, रात्री, पावसात, हायवेवर हा माणूस कशी गाडी चालवेल हे बहुतेकदा कुणी बघतच नाही.

इथे काय बघतात ते सांगते. डोळे तपासले जातात. प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो, पाऊण-पाऊण तासाचे नऊ तास; त्यात बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे जमिनीवर झोपून शिकवतात. लेखी परीक्षेत तीस प्रश्न, चुकीला दंडगुण, आणि दहाच्या वर गेलात की नापास. कुणी आधी जायचं याबद्दलच्या प्रश्नांना पाच-पाच दंडगुण, त्यातले दोन चुकले की बाकी सगळं बरोबर असूनही घरी. मग ५५ मिनिटांची प्रत्यक्ष परीक्षा. नवशिक्यांना त्याआधी गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच, ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, चार आणि अंधारात तीन तास सक्तीचे. माझ्यासारख्या परदेशी लायसन्सवाल्यांना ते तास माफ असतात, परीक्षा मात्र दोन्ही द्याव्या लागतात. आणि परीक्षक ड्रायव्हिंग स्कूलचा नसतो. तो वेगळ्या तांत्रिक संस्थेतून येतो, मागच्या सीटवर बसतो आणि तुमच्या मानेकडे बघतो. उजवीकडे वळताना नुसता आरसा बघितला की मान वळवून सायकलवाला आहे का ते बघितलं, हे त्याला मानेवरून कळतं.

आमच्या घराजवळ एक चौक आहे. सिग्नल नाही, पाटी नाही, गल्ल्या सारख्या रुंदीच्या. अशा ठिकाणी नियम असा की उजवीकडून येणारा आधी जाईल. तुम्ही मोठ्या गाडीत असा, घाईत असा, सरळ जात असा. उजवीकडच्या गल्लीतून जुनाट छोटी गाडी आली तर थांबायचं. सकाळी शाळेच्या वेळी मी खिडकीतून बघत असते. प्रत्येक गाडी त्या चौकात हळू होते, चालकाची मान उजवीकडे वळते, मग गाडी पुढे सरकते. हॉर्न नाही, हात दाखवणं नाही, डोळे वटारणं नाही. पोलीस तर मी तिथे कधी पाहिलेलाच नाही. एवढी साधी गोष्ट त्या लोकांच्या अंगात भिनलेली आहे, कारण लायसन्स हातात पडायच्या आधी ती शंभरदा करून घेतलेली असते.

आपल्याकडे मात्र वाद कायम दंडाभोवती फिरतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला आणि लायसन्स नसताना गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. महाराष्ट्राने ती वाढ आधी रोखून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये वाढीव दंड लागू केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून नाशिक शहरात पोलिसांनी "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" सुरू केलं. केवढा गदारोळ झाला! पंपवाले वैतागले, लोक शेजाऱ्याचं हेल्मेट मागून पेट्रोल भरू लागले. एक बाजू म्हणे ही वसुली आहे. दुसरी म्हणे दंड आणखी वाढवा, परदेशात बघा, जबर दंड असतो म्हणून शिस्त आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर हे दुसरं वाक्य माझ्या नावावर खपवायचा प्रयत्न अजूनही होतो, "विचारा ताईला!" असं म्हणून.

ताईचं उत्तर असं आहे की इथला दंड इथल्या पगाराच्या मानाने काही जबर नाही. गाडी चालवताना हातात फोन धरला तर १०० युरो, म्हणजे इथल्या साध्या नोकरदाराच्या एका दिवसाच्या पगाराच्या आसपास. झोंबतो तो त्यासोबत मिळणारा एक गुण. असे आठ गुण साठले की लायसन्स जातं. आणि ते लायसन्स मिळवायला नवशिक्याला कित्येक महिने आणि अडीच-साडेतीन हजार युरो लागलेले असतात. कष्टाने मिळालेली गोष्ट जाईल याची ही भीती आहे. जे लायसन्स चार फेऱ्यांत मिळतं ते जाण्याची भीती कुणाला वाटेल?

हेल्मेटच्या त्याच मोहिमेत नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट झाली होती. ती लोक विसरले आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. विनाहेल्मेट सापडलेल्यांना ट्रॅफिक एज्युकेशन पार्कमध्ये नेऊन दोन तास समुपदेशनाला बसवलं जायचं. तेव्हा त्याची खूप टिंगल झाली. "मोठ्या माणसांना शाळेत बसवतात", "पाचशे रुपये घ्या पण सोडा", असं लोक म्हणत. जर्मनी नेमकं हेच करते. लायसन्स मिळाल्यावर पहिली दोन वर्षं परिवीक्षेची असतात. त्या काळात मोठी चूक केली की दंडासोबत पुन्हा वर्गात बसावं लागतं आणि परिवीक्षा आणखी दोन वर्षं वाढते. पैसे देऊन सुटका नाही. नाशिकने २०२१ मध्ये जे दोन तास सुरू केले होते ते योग्य दिशेचं पाऊल होतं. फक्त ते चुकीच्या टोकाला होतं, पकडल्यानंतर. ते लायसन्सच्या आधी हवं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण रुग्णवाहिकेचं. श्टुटगार्टहून उल्मकडे जाणाऱ्या ए-८ वर रविवारी संध्याकाळी गाड्या तुंबतात. वेग कमी व्हायला लागला की, सायरन ऐकू येण्याच्या आधीच, सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्या गाड्या डाव्या कडेला सरकतात आणि बाकी सगळ्या लेन उजवीकडे. मधोमध एक मोकळी वाट तयार होते, किलोमीटरच्या किलोमीटर. रुग्णवाहिका त्यातून सुसाट जाते. आता द्वारका चौक आठवा. मागे सायरन वाजतोय, रिक्षावाला डावीकडे घेतो, त्याच्या पुढचा कारवाला उजवीकडे, बाइकवाला मधल्या फटीत घुसतो आणि सगळे हॉर्न वाजवतात. वाट द्यायची इच्छा प्रत्येकाला आहे! नाशिकच्या माणसाइतका धावून जाणारा माणूस मला इथे भेटलेला नाही. पण कोणी कुठल्या बाजूला व्हायचं हे कधी कुणी शिकवलेलंच नाही. रुग्णवाहिकेला वाट न देण्याचा दंड मात्र आपल्या कायद्यात आहे, १०,००० रुपये.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. जर्मनीत त्याच वर्षी २,७८८. आपली लोकसंख्या जर्मनीच्या साधारण सतरा पट. मृत्यू साठ पट. सगळं खापर चालकांवर फोडता येणार नाही. रस्त्यांची आखणी, खड्डे, एकाच रस्त्यावर ट्रक आणि पायी चालणारे, हे सगळं त्यात आहे. त्या ऑक्टोबरात औरंगाबाद रोडवर खासगी बस पेटून बारा प्रवासी गेले, ती पहाट नाशिककर विसरलेले नाहीत.

जर्मन पद्धत जशीच्या तशी उचला असं मी म्हणणार नाही. अडीच हजार युरो म्हणजे अडीच लाखांच्या आसपास रुपये. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पहाटे टोमॅटो घेऊन येणारा पिकअपवाला एवढे पैसे कुठून आणणार? इथेही हा खर्च गरिबांना बाहेर ठेवतो, त्यावरून जर्मनीत सध्या वाद आहेच. शिवाय इथे नापास झालेल्याला ट्रेन आहे, ट्राम आहे. दिंडोरीच्या आडगावातल्या बाईने गाडी शिकली नाही तर दवाखान्यासाठी ती दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसते. तिच्या आड येणारी परीक्षा मला नको आहे. पण प्रश्नांची संख्या वाढवायला, परीक्षकाने गर्दीच्या रस्त्यावर वीस मिनिटं शेजारी बसायला, दोन तासांचा वर्ग घ्यायला लाखो रुपये लागत नाहीत.

२०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची सोय केलीय. हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास शिकायचं. हे उत्तम आहे. पण तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ, हे मला बिलकूल मान्य नाही. जो फी घेऊन शिकवतो त्यानेच पास करायचं, ही व्यवस्था फार दिवस प्रामाणिक राहू शकत नाही. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा हवा. जर्मनीकडून घ्यायची एकच गोष्ट निवडायची असेल तर मी हीच निवडेन.

आतेभावाला मी शेवटी काय सांगितलं? कागदांपेक्षा सवयींवर जास्त वेळ घालवला. मुलं बारा वर्षांखालची आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीची, म्हणजे दोघांनाही वेगळी सीट किंवा बूस्टर लागणार. धाकट्याला वहिनींच्या मांडीवर पुढे बसवून निघायचं नाही. (लहान मुलांसाठी बांधून ठेवणारी सीट आपल्या २०१९ च्या कायद्यातही आहे, १,००० रुपये दंडासकट. कोणी बघितलीय?) ऑटोबानवर उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही आणि ओव्हरटेक झालं की उजव्या लेनमध्ये परत यायचं. हिरवा सिग्नल मिळून वळताना सरळ जाणारे पायी आणि सायकलवाले आधी. स्टॉपवर बस धोक्याचे दिवे लावून उभी असेल तर समोरून येणाऱ्यानेही माणसाच्या चालीने जायचं. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या हायवेचा स्टिकर किंवा डिजिटल पास आधी घ्यायचा. आणि इटलीत जुन्या शहराच्या तोंडाशी लाल कडेचं पांढरं वर्तुळ दिसलं की आत शिरायचं नाही. तिथे कॅमेरा असतो, अडवायला माणूस नसतो. दंडाचं पत्र गाडीवाल्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी नाशिकला पोचतं, वर कंपनीचा सेवाशुल्क वेगळा.

सगळ्यात धोक्याची वेळ ही की पेट्रोल पंपावरून किंवा पहाटे रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडतो तेव्हा. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते, पण समोर दुसरी गाडी नसते आणि हात आपोआप डावीकडे वळतात. स्टिअरिंग डावीकडे, गेअर उजव्या हाताला. आयडीपी देताना यातलं काहीच कुणी सांगत नाही.

म्हणून माझी मागणी थोडकी आहे आणि ती पेठ रोड आणि नाशिकच्या पोलिसांकडे एकत्र आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत, लाखो गाड्या शहराच्या दिशेने येणार आहेत. रस्ते रुंद होताहेत, पुलांची चर्चा चाललीय. त्यासोबत जिल्ह्यातल्या प्रत्येक नव्या लायसन्सच्या अर्जदाराला ट्रॅफिक पार्कमधले ते दोन तास सक्तीचे करा: कोणी आधी जायचं, रुग्णवाहिकेला वाट कशी द्यायची, अपघातातल्या माणसाला कसं धरायचं. आयडीपी घेणाऱ्याला उजवीकडून चालणाऱ्या रस्त्याचा अर्ध्या तासाचा वर्ग द्या. जागा आहे, शिकवणारी माणसं आहेत, २०२१ मध्ये तो वर्ग भरवून झालेला आहे.